अवजड ओझे ओढणारी मालमोटार

एक शिळा आणि अर्धे वर्ष

२०१८ सालच्या डिसेंबर महिन्यात तामिळनाडूतील कोरकोट्टै या खेड्यातील खाणीपासून एक प्रचंड शिळा बंगळूरकडे निघाली. बंगळूरच्या एजिपुरा भागातील देवळासाठी विष्णूची भव्य मूर्ती एकाच पाषाणातून घडवावयाची होती. शिळेची लांबी ६४ फूट आणि वजन ३०० टनांहून अधिक. तिच्यासाठी २४० चाकांचा ट्रेलर आणला होता. कोरकोट्टैपासून बंगळूरपर्यंतचे अंतर साधी मालमोटार एका दिवसात सहज कापते. ही शिळा मात्र बंगळुरात पोहोचली ती २०१९ सालच्या मध्यास.

वाटेत काय घडले नाही? आरंभीच टायर फुटले. अरुंद गावांतून वाट काढताना रस्त्यालगतच्या बांधकामांचे काही भाग उतरवावे लागले. कृष्णगिरी जिल्ह्यात पूल एवढा भार पेलतील याची खात्री नसल्यामुळे पुलाच्या बाजूने तात्पुरता रस्ता करून शिळा पलीकडे न्यावी लागली. रस्त्याच्या दुतर्फा लोकांची गर्दी जमे. त्या गर्दीत एक प्रश्न हटकून विचारला जात असणार: ‘ही ओढणारी गाडी किती अश्वशक्तीची आहे?’

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पहिला नव्हे. शिळेला झालेल्या विलंबाची ही कारणे पुन्हा वाचून पाहिली, तर त्यांत इंजिन कमजोर पडल्याचा उल्लेख कोठेच नाही. टायर, रस्ता, पूल आणि वळण यांनीच तिला अडविले. अवजड ओझ्यासाठी मालमोटार निवडताना इंजिनाचा विचार करावाच लागतो. परंतु त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर आणखी काही प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. ती कशी मिळवावयाची हे समजण्यास शाळेतील पदार्थविज्ञान आणि साधा गुणाकार एवढी सामग्री पुरेशी आहे.

ओढ कशाविरुद्ध?

सपाट रस्त्यावर चाकांवर ठेवलेले ओझे ओढताना ते उचलावे लागत नाही. टायर जमिनीशी टेकतो तेथे किंचित चपटा होतो आणि पुन्हा फुगतो. या घडामोडीत थोडी शक्ती खर्च होते. पक्क्या डांबरी रस्त्यावर हा विरोध एकूण वजनाच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका असतो. ट्रेलर, ओझे आणि ओढणाऱ्या गाड्या मिळून ४०० टन वजन आहे असे धरले, तर सपाटीवर ते चालते ठेवण्यास सुमारे ४ टनांची ओढ पुरते. दोरीला ४ टन वजन उभे टांगले असता तिच्यावर जेवढा ताण पडेल, तेवढी ही ओढ होय.

रस्ता चढू लागला की हिशेब पालटतो. शंभर मीटर अंतरात एक मीटर चढ असेल, तर वजनाचा आणखी एक शंभरावा हिस्सा ओढीत मिळवावा लागतो. शंभरात चार मीटर चढ म्हणजे काही फार उभा घाट नव्हे. पायी चालणाऱ्याला तो जेमतेम जाणवेल. परंतु ४०० टनांच्या गाडीला तेथे सपाटीचे ४ टन आणि चढाचे १६ टन अशी २० टनांची ओढ लागते, म्हणजे सपाटीच्या पाचपट.

रस्ता मऊ असेल तर काय होते? भुसभुशीत मातीत चाक रुतते आणि त्याला सतत स्वतःच्याच खळग्यातून वर चढावे लागते. तेथे विरोध वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, वाळूत त्याहूनही वर जातो. खाणीतून डांबरी रस्त्यापर्यंतचा पहिला टप्पा पुढच्या शेकडो किलोमीटरांपेक्षा अवघड ठरतो, तो यामुळे. तात्पुरत्या रस्त्याचा भराव रोलरने नीट दाबून घ्यावा लागतो, तोही यामुळेच.

जोर आणि वेग

एवढी ओढ इंजिन कोठून आणते? मोठ्या मालमोटारीच्या डिझेल इंजिनाचा पीळ किती असतो ते एका उदाहरणाने पाहू. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला २५० किलोग्रॅम वजन टांगले असता दांड्याच्या मुळाशी जेवढा पीळ पडतो, तेवढा पीळ असे इंजिन देऊ शकते. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ समजा चौदापट होतो आणि मागच्या ॲक्सलवरील दंतचक्रांत आणखी चौपट. म्हणजे एकूण छप्पनपट. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरली, तर रस्त्याशी २८ टनांचा जोर येतो. दंतचक्रांच्या घर्षणात सुमारे दहावा हिस्सा गेला असे मानले, तरी २५ टन उरतात.

गिअरने जोर वाढतो, शक्ती वाढत नाही. जोर छप्पनपट झाला की वेग तितक्याच पटींनी घटतो. ५०० अश्वशक्तीचे इंजिन २० टनांच्या ओढीने चढ चढू लागले, तर त्याचा वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर पडेल. भरभर चालणारा माणूस त्याच्या बरोबरीने चालू शकेल. तेच इंजिन सपाटीवर ४ टनांची ओढ देत ताशी ३० किलोमीटरांपर्यंत जाईल. ओझे हलेल की नाही हे जोर ठरवितो. ते किती वेळात पोहोचेल हे अश्वशक्ती ठरविते.

बंगळूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. चेन्नई बंदरातून निघालेले यंत्र असो, की मंगळूर बंदरातून शिराडी घाटाने येणारे असो, त्याला ही उंची चढणे भागच असते. त्या उंचीवर हवा आठ ते नऊ टक्के विरळ असते. हवा स्वतःच ओढून घेणाऱ्या जुन्या धाटणीच्या इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. टर्बोचार्जर असलेले इंजिन पंख्याने हवा दाबून आत घेते, म्हणून त्याला ही उंची फारशी जाणवत नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी या प्रांतात हे काम कसे होत असेल याची कल्पना शिवनसमुद्र येथील वीजकेंद्रावरून येते. १९०२ साली तेथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूरचे रस्ते विजेने उजळले. त्या केंद्राची यंत्रे रेल्वेमार्ग सोडल्यानंतर हत्तींनी आणि जनावरे जुंपलेल्या गाड्यांनी नेली होती. पुढे बंगळूर हेच अवजड वाहनांचे केंद्र बनले. १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीचे मुख्यालय येथे आहे, आणि शहरालगतच्या होसकोटे येथे १९९८ साली व्होल्वो कंपनीने मालमोटारींचा कारखाना काढला.

चाकाची पकड

वरच्या हिशेबात इंजिनाने चाकाशी २५ टनांचा जोर आणून दिला. चढाला २० टन हवे होते. मग एकच गाडी पुरेल असे वाटेल. परंतु येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

चाक गाडीला पुढे लोटते ते रस्त्याला मागे रेटून. रस्त्याने ते रेटणे सोसले पाहिजे, म्हणजे टायर आणि रस्ता यांत घर्षण पाहिजे. हे घर्षण दोन गोष्टींवर अवलंबून असते: पृष्ठभाग कसा आहे आणि चाकावर वजन किती आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकावरील वजनाच्या सुमारे सहा दशांश इतकी पकड भरवशाने मिळते. ओल्या रस्त्यावर ती चार दशांशांपर्यंत, तर सुट्या खडीवर तीन दशांशांपर्यंत उतरते.

ओढणाऱ्या मालमोटारीला वाहतूकदार ‘पुलर’ म्हणतात. दहा चाकांच्या पुलरमध्ये मागच्या दोन ॲक्सलांनाच इंजिनाचा जोर मिळतो. या दोन ॲक्सलांवर मिळून २० टन वजन असेल, तर कोरड्या रस्त्यावर पकड १२ टनांची. इंजिन २५ टन देण्यास तयार आहे, पण रस्ता १२ टनच घेतो. त्याहून अधिक जोर लावला की चाके जागच्या जागी गरगरतात, रबर जळते आणि गाडी तसूभरही सरकत नाही. पाऊस पडला की १२ टनांचे ८ टन होतात. म्हणजे २० टनांच्या ओढीसाठी कोरड्या दिवशी किमान दोन पुलर हवेत, ओल्या दिवशी तीन.

ओझे जर संपूर्णपणे ट्रेलरच्याच चाकांवर असेल आणि पुलर रिकामा असेल, तर स्थिती आणखी बिकट होते. रिकाम्या पुलरच्या मागच्या चाकांवर वजनच नसते, मग पकड कोठून येणार? म्हणून अशा पुलरच्या पाठीवर काँक्रीटचे किंवा पोलादाचे ठोकळे मुद्दाम लादतात. ओझे ओढण्यासाठी आणखी ओझे लादावयाचे हा प्रकार प्रथम विचित्र वाटतो, पण घर्षणाचा नियम ज्याला कळला त्याला तो विचित्र वाटणार नाही. शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

एकाहून अधिक पुलर लावले, की काही पुढे ओढतात आणि एखादा मागून रेटतो. सर्वांनी एकाच क्षणी, सारख्या जोराने निघावे लागते. एक पुलर आधी सुटला, तर सर्व भार क्षणभर त्याच्या एकट्याच्या जोडदांड्यावर येतो.

उतारावरची परीक्षा

चढ चढता आला नाही, तर गाडी उभी राहते. उतार उतरता आला नाही, तर माणसे मरतात. म्हणून ओढणाऱ्या गाडीची खरी निवड उतारावर करावयाची असते.

मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाट मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. तो उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. ४० टनांची भरलेली मालमोटार एवढी खाली आली, की तिने उंचीमुळे साठविलेली ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. तिची उष्णता केली, तर ६०० लिटरांहून अधिक पाणी उकळी येईपर्यंत तापेल. यातील काही भाग रस्ता आणि हवा घेतात. उरलेली सगळी उष्णता केवळ ब्रेकवर सोडली, तर ब्रेकचे ड्रम तापून प्रसरण पावतात, अस्तराचे घर्षण घटते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ब्रेक ‘गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते तुटलेले नसतात. तापून निकामी झालेले असतात.

आता तोच ४०० टनांचा ताफा शंभरात चार मीटर उतारावर आणावा. उतार त्याला १६ टनांनी खाली खेचतो, रस्त्याचा विरोध त्यातले ४ टन घेतो, १२ टन उरतात. ताशी केवळ १० किलोमीटर वेगाने उतरावयाचे म्हटले, तरी दर क्षणी सुमारे ४४५ अश्वशक्ती उष्णतेच्या रूपाने टाकून द्यावी लागते. एका मोठ्या इंजिनाची जवळजवळ संपूर्ण शक्ती उलट दिशेने वापरावी लागते असा याचा अर्थ.

म्हणून अवजड पुलरमध्ये चाकांच्या ब्रेकखेरीज आणखी उपाय असतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर कोंडून इंजिनालाच ब्रेक बनविता येते. रिटार्डर नावाचे साधन तेलाच्या किंवा चुंबकाच्या विरोधाने फिरत्या दांड्याला आवरते आणि तयार होणारी उष्णता पाण्याच्या रेडिएटरकडे किंवा हवेकडे सोपविते. खालच्या गिअरमध्ये उतरले, तर इंजिन स्वतःच गाडी रोखून धरते. ज्या गिअरने घाट चढता आला असता त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्राला धरून आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक हा आधार स्वतःच्या हाताने तोडतो.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेत, आणि ते पुलरच्या ब्रेकच्या किंचित आधी लागले पाहिजेत. तसे न झाले, तर मागचे ओझे पुढच्या गाडीला ढकलते आणि दोन्ही गाड्या कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींकडे मिटतात. मोठ्या मालमोटारींचे उभे राहण्याचे ब्रेक हवेच्या दाबाने सुटतात आणि स्प्रिंगच्या जोराने लागतात. नळी फुटून हवा निघून गेली, तर स्प्रिंग आपोआप चाके जखडते. बिघाड झाला तरी तो थांबण्याच्या बाजूने व्हावा, ही यातील योजना आहे.

ओझे अखेर पेलतो रस्ता

पुलर मिळाले, ब्रेक मिळाले. तरी एक प्रश्न उरतो. सारे वजन अखेर जमिनीवर येते. रस्त्याला गाडीचे एकूण वजन कळत नाही, एकेका ॲक्सलवरचे वजन कळते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यांच्या टिकाऊपणाचे मोठे प्रयोग झाले. त्यांतून असे दिसले, की ॲक्सलवरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. जादा माल भरून एक खेप वाचविणारा मालक ती खेप रस्त्याच्या आयुष्यातून वसूल करतो.

भारत सरकारने २०१८ साली ॲक्सलवरील भाराच्या मर्यादा नव्याने ठरविल्या. अवजड ओझ्यांच्या हायड्रॉलिक ट्रेलरला आठ टायरांच्या एका ओळीमागे १८ टनांची मर्यादा घातली गेली. २४० चाके म्हणजे अशा ३० ओळी, आणि ३० ओळींचे ५४० टन. ट्रेलरचे स्वतःचे वजन यातून वजा जाते. तीनशेहून अधिक टनांच्या शिळेला इतकी चाके कशासाठी, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

मात्र चाके वाढविली एवढ्याने भागत नाही. रस्ता खालीवर असतो. उंचवट्यावर आलेल्या चार चाकांनीच सारा भार उचलला आणि बाकीची अधांतरी राहिली, तर ती चार फुटणारच. यावर उपाय सतराव्या शतकातील पास्कलच्या नियमात सापडतो: बंदिस्त द्रवावर दाब दिला, तर तो सर्वत्र सारखा पोहोचतो. ट्रेलरच्या प्रत्येक चाकजोडीवर तेलाचा एक दट्ट्या असतो, आणि हे दट्टे नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक चाक वर उचलले गेले, की त्याच्या दट्ट्यातील तेल शेजाऱ्यांकडे जाते आणि भार पुन्हा समान वाटला जातो. सर्व दट्ट्यांचे मिळून तीन किंवा चार गट करतात, म्हणजे लांबलचक ट्रेलर तिवईप्रमाणे स्थिर राहतो.

पुलाची गोष्ट वेगळी. पुलाच्या एका गाळ्यावर एका वेळी किती एकूण वजन उभे आहे, हे तेथे महत्त्वाचे ठरते. ट्रेलर लांब असेल, तर वजन अनेक गाळ्यांवर विभागते. पण लांब ट्रेलर गावातल्या वळणावर वळत नाही. पूल आणि वळण यांच्या मागण्या परस्परविरुद्ध असतात, आणि कधी कधी दोन्ही पुऱ्या करणारी गाडी अस्तित्वातच नसते. तेव्हा पूल टाळून नदीत भराव घालावा लागतो.

उंची आणि रुंदी हाही अडसर असतो. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रातून २०१९ च्या जुलै महिन्यात निघालेले यंत्र सुमारे ७० टनांचेच होते; वजनाच्या दृष्टीने शिळेच्या पाव हिश्शाचेही नव्हे. पण त्याची उंची ७.५ मीटर आणि रुंदी ६.६५ मीटर. ७४ चाकांच्या वाहनावरून ते केरळात पोहोचले २०२० च्या जुलै महिन्यात. त्या वर्षीच्या टाळेबंदीतही ते अडकले, पण एरवीही विजेच्या तारा आणि झाडांच्या फांद्या बाजूस करीतच त्याला वाट काढावी लागली.

लहान ओझे, तेच नियम

मोटारीमागे लहान नौका किंवा छोटा ट्रेलर जोडणाऱ्यालाही हेच नियम लागू पडतात. तेथे एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. एकाच ॲक्सलच्या ट्रेलरवर वजन फार मागे गेले, तर वेगात त्याचे शेपूट डावीउजवीकडे झोकांड्या घेऊ लागते आणि पुढच्या मोटारीलाही भिरकावते. म्हणून एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या जोडणीवर येईल अशा बेताने ओझे ठेवतात. बैलगाडी भरताना जोखडावर योग्य भार यावा म्हणून शेतकरी माल पुढेमागे सरकवितो, तेच शहाणपण येथे कामी येते.

निवडीचा क्रम

तर मालमोटार निवडावी कशी? आरंभ गाडीपासून नव्हे, ओझ्यापासून आणि वाटेपासून करावा. प्रथम ओझ्याचे वजन, लांबी, रुंदी आणि उंची मोजावी. मग संपूर्ण वाट डोळ्यांखालून घालून तिच्यातील सर्वांत उभा चढ, सर्वांत लांब उतार, सर्वांत दुबळा पूल आणि सर्वांत अरुंद वळण नोंदवावे. पूल आणि रस्ता यांवरून ट्रेलरच्या ओळी ठरतात. चढावरून ओढ ठरते. ओढीवरून पुलरच्या चाकांवर किती वजन हवे आणि पुलर किती हवेत हे ठरते. उतारावरून ब्रेक आणि रिटार्डर ठरतात. एवढे झाल्यावर, किती वेगाने जावयाचे याचा विचार करून अश्वशक्ती ठरवावी. लोक जो प्रश्न सर्वांआधी विचारतात, तो अशा रीतीने सर्वांत शेवटी येतो.

शिळा एजिपुऱ्यात पोहोचली, तेव्हा लोकांनी तिचा आकार पाहिला. तिच्यापुढे काही पावलांवर हातात निशाण घेऊन चालणारे, वर काठीने तारा उचलून धरणारे, खाली वाकून प्रत्येक टायर तपासणारे कामगार फारसे कोणाच्या ध्यानात आले नसतील. अवजड वाहतुकीत इंजिन ओढण्याचे काम करते. ते ओझे कोणाला इजा न होता जागच्या जागी थांबविता येईल की नाही, हे मात्र निघण्यापूर्वी केलेल्या हिशेबावर आणि तो हिशेब वाटेत पाळणाऱ्या माणसांवर अवलंबून असते.